अकरा डब्यांतलं बोलणं

१२ जानेवारी

आज साहेबांनी बोलावून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली. खुर्ची दिली की समजावं, काहीतरी वाईट आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला त्या खोलीत चारदा खुर्ची मिळाली, त्यातली एक दादा गेल्याचा फोन आला तेव्हा.

संग्रहालयाच्या तळघरातल्या जुन्या नायट्रेट फिल्मची पाहणी करून अग्निशमनवाल्यांनी अहवाल दिलाय. ही फिल्म एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, हे काही मला नवीन नाही. आता ठरलंय असं की, ज्या सिनेमांना काही मोल आहे त्यांची न पेटणाऱ्या नव्या फिल्मवर प्रत काढायची आणि उरलेला माल ३१ मार्चच्या आत बाहेर नेऊन नष्ट करायचा. उरलेला म्हणजे शेवटच्या फळीवरचे अकरा डबे. मूकपटाच्या काळातली एक निगेटिव्ह. डब्यांच्या नोंदकार्डावर लिहिलंय, "अपूर्ण. क्रम नाही. कथानक लागत नाही."

"बाई, तुम्ही फक्त डबे उघडून बघा आणि प्रत्येकाचा दाखला लिहून द्या, खराब झालाय म्हणून," साहेब म्हणाले. "नियमाने फिल्म जोडणाऱ्याची सही लागते."

"बघायच्या आधीच खराब?"

"बघा की. बघूनच लिहा."

३१ मार्चला मी निवृत्त होते. म्हणजे मी आणि ते डबे एकाच दिवशी बाहेर. हे साहेबांच्या लक्षात आलं नसावं, नाहीतर त्यांनी चहाही मागवला असता.

घरी आल्यावर वहिनींना सगळं सांगितलं. दादा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. माझं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मग कोण आजारी आहे?" मी कपाळावर हात मारला. बोलताना मी पाठमोरी होते, पातेलं घासत होते, पण म्हणून काय झालं? माणसाला ऐकायचंच नसलं की असं होतं.

१५ जानेवारी

डबे उघडले. पहिल्याचं झाकण इतकं गंजलेलं की चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं. आतून कापरासारखा वास आला आणि मला हायसं वाटलं, कारण सडलेल्या फिल्मला घाणेरड्या मोज्यांचा वास येतो. चौथ्या डब्यातले वरचे दोन वेढे चिकटलेत. बाकी दहा डबे माझ्यापेक्षा बरे आहेत.

रीळ हाताने फिरवायच्या चाकावर चढवलं आणि खालून दिवा लावलेल्या काचेवरून एकेक तुकडा सरकवला. एक बाई दारात. लगेच नदीत होडी. मग तीच बाई, वेगळ्या कपड्यांत. पुन्हा होडी, पण रिकामी. मग एक माणूस मेलेला, आणि पुढच्याच तुकड्यात तोच माणूस उभा राहून हसतोय. पत्ते पिसावेत तसं सगळं. कार्ड लिहिणाऱ्याला दोष देववत नाही.

पण जोड! तीनशे बारा तुकडे आणि एकही जोड बोटाला लागत नाही. आम्ही जोडणारी माणसं डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवतो. कडेवरून बोट फिरवत नेलं की वाईट जोड कुसळासारखा टोचतो. इथे काही म्हणजे काही टोचलं नाही. कोणाचा हात होता कोण जाणे, भेटला असता तर पाया पडले असते. इतकं सुबक काम कोणी कचऱ्यावर करत नाही. तेव्हा माझा दाखला साहेबांना इतक्यात मिळत नाही.

संध्याकाळी दहा मिनिटं दाराची बेल वाजवत उभी होते. वहिनी आतच होत्या, मासिक वाचत. वर मलाच म्हणतात, "वन्सं, किल्ली का नेत नाही?" आणि हल्ली मी बोलायला लागले की माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसतात. दाताला काही लागलंय की काय म्हणून मी दोनदा आरशात जाऊन आले.

२३ जानेवारी

लागलं! आंघोळ करताना लागलं, अंगावर साबण तसाच.

लोकांना वाटतं, जुना सिनेमा काळापांढरा होता. पडद्यावर तो रंगीत असायचा. रात्र निळी, घरातल्या दिव्याचा उजेड पिवळा, आग लाल. छापलेली फिल्म रंगाच्या टाकीत बुडवून काढायचे. आता तुकडा तुकडा वेगळा बुडवत कोण बसणार? म्हणून निगेटिव्ह लावतानाच सगळ्या रात्री एका रिळात, सगळे दिवे दुसऱ्या रिळात. छापायचं, बुडवायचं, वाळवायचं आणि मग ती रंगीत प्रत कापून गोष्टीच्या क्रमाने जोडायची. हे मला मोठ्या बाईंनी सांगितलं होतं. त्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले. नोकरीचं दुसरं वर्ष होतं तेव्हा.

धावत तळघरात गेले. डबा एक ते चार, सगळी रात्र. पाच ते सात, दिव्याचा उजेड. आठमध्ये आग. पुढे दिवस. क्रम नाही म्हणे! बाईने डाळी-साळी वेगळ्या डब्यांत भरून ठेवाव्यात आणि बघणाऱ्याने म्हणावं, ह्या घरात स्वयंपाकच होत नाही.

साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ते ऐकतात, एवढं मान्य करायला हवं. मग विचारलं, "पण गोष्टीचा क्रम कशावरून लावणार?"

"प्रत्येक तुकड्याच्या डोक्याला चार बोटं काळी फिल्म असते. तिच्यावर टाचणीने आकडा कोरलेला असतो."

"मग दाखवा."

खाली आले आणि बघते तर एकही नाही. तीनशे बारा तुकडे, तीनशे बारांची डोकी उडवलेली. कोणीतरी नीट बसून आकडे कापून टाकलेत. मूकपटात मधे मधे दाखवायच्या संवादांच्या पाट्या वेगळ्या डब्यात ठेवायचे, तो डबा तर यादीतही नाही. ज्या गाढवाने हे केलं त्याला माझ्यासमोर आणा, एवढंच माझं म्हणणं आहे. नुसता कात्री चालवायला बसवलेला कोणी अर्धवट असणार.

साहेब म्हणाले, "चार मार्चपर्यंत क्रम लागला तर प्रत काढायला पाठवू. नाही लागला तर दाखले द्या."

२ फेब्रुवारी

जुनी नोंदवही सापडली. पान एकशे अठरा. "अकरा डबे, मूकपट, निगेटिव्ह. साफसफाई पूर्ण. मधले काळे निरुपयोगी तुकडे काढून टाकले. जोड ३१२." खाली सही.

सही माझी आहे.

६ फेब्रुवारी

चार दिवस लिहिलं नाही.

तारखेवरून बघितलं, तेव्हा मला नोकरी लागून सहा महिने झाले होते. आठवत काहीच नाही. त्या वर्षी शंभरावर डबे साफ केले असतील. रंगांचं गणित मला कळायला अजून वर्ष होतं. काळे, ओरखडे पडलेले तुकडे दिसले, घाण वाटली, काढले. मोठ्या बाईंनी जोड बघून शाबासकीही दिली असेल. आकडे त्यांना दिसले नसणार, कारण ते मी आधीच बादलीत टाकले होते.

ज्यांच्या पाया पडायला निघाले होते ते जोड माझे आणि ज्या गाढवाला शिव्या घातल्या ते गाढवही मीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खरं लिहायचं तर अजून एक लिहायला हवं. परवापासून मनात येतंय की, अकरा दाखले लिहून टाकावेत. खराब, खराब, खराब. डबे जातील, पान एकशे अठरा पुन्हा कोणी उघडणार नाही आणि ३१ मार्चच्या भाषणात साहेब म्हणतील, ह्यांच्या कामावर बोट ठेवायला जागा नव्हती. कोणाचंच काही बिघडणार नाही. ज्यांनी तो सिनेमा काढला ते सगळे कधीच गेले.

आज एक दाखला लिहूनही पाहिला. अक्षर इतकं वाईट आलं की फाडून टाकला.

वहिनींना काही बोलले नाही. बोलून उपयोग काय, निम्मं ऐकतात आणि निम्म्याला मान डोलावतात.

७ फेब्रुवारी

हे सावकाश लिहिते, काही सुटायला नको.

सकाळी चष्मा घरी विसरले. वहिनी तो घेऊन दुपारी आल्या. पहारेकऱ्याने त्यांना खाली सोडलं. मी पाचव्या डब्याचं रीळ छोट्या पडद्याच्या यंत्रावर लावून सावकाश फिरवत होते. ह्या यंत्रात निगेटिव्हही छापलेल्या चित्रासारखी सरळ दिसते, काळ्याचं पांढरं उलटं नाही. पडद्यावर तीच ती दारातली बाई, नावाड्याची बायको असावी, काहीतरी बोलत होती. वहिनी माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोणाला सांगतेय ही, अंधारात जाऊ नका म्हणून?"

मी म्हटलं, "काय?"

"ती म्हणतेय ना, 'इतक्या अंधारात जाऊ नका.' कोणाला?"

मी यंत्र थांबवलं. मागे फिरवलं. पुन्हा लावलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "'इतक्या अंधारात जाऊ नका. ऐका माझं.' आता ती जरा वळली, पुढचं दिसलं नाही."

दुसऱ्या डब्यात, सगळ्या रात्रींच्या डब्यात, तो माणूस दोर सोडताना काहीतरी बोलतो हे मला माहीत होतं. मी ते रीळ चढवलं. वहिनी पडद्याजवळ वाकल्या. "'अंधाराला काय घाबरायचं? मी येईपर्यंत दिवा विझवू नकोस.'"

प्रश्न पाचव्या डब्यात, उत्तर दुसऱ्या डब्यात.

"वहिनी, तुम्हाला हे कसं येतं?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. नेहमीसारखंच, टक लावून. मी तेवढ्यात सगळं समजले आणि मला माझीच लाज वाटली.

९ फेब्रुवारी

चार वर्षं. दादा गेले त्याच उन्हाळ्यात वहिनींचा डावा कान गेला आणि दोन वर्षांत उजवा. फोन वाजलेला कळत नाही, बेल कळत नाही. मला का नाही सांगितलं, विचारलं.

"तुम्ही एकट्या कमावणार, त्यात मी बहिरी. घरात आणखी एक मोडकं भांडं कशाला?"

"मी तुमच्यावर इतकी ओरडायचे तेव्हा तरी सांगायचं!"

"ते ओरडणं ऐकू येत नव्हतं ना," असं म्हणून हसायला लागल्या. मला हसू येईना. मी रडले, आणि त्यांच्याकडे तोंड करून रडले, म्हणजे मी काय बोलतेय ते त्यांना कळावं. मग मीही त्यांना पान एकशे अठरा सांगितलं. ह्या घरात लपवाछपवी आता बंद.

वहिनी म्हणाल्या, "तीनशे बारा ना? मग उद्यापासून डबा दोघींचा भरते."

२१ फेब्रुवारी

रोज दोघी जातो. साहेबांनी वहिनींना आत बसायची परवानगी दिली, "मदतनीस, विनावेतन" असं लिहून. प्रत्येक तुकड्याची एक चिठ्ठी केलीय, भिंतीवर दोऱ्या बांधल्यात आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लावल्यात. तळघर धोब्याच्या अंगणासारखं दिसतं.

गोष्ट अशी: नावाडी वादळात बुडतो. नदीपार माणसं नेणारं दुसरं कोणी नाही. घाटावरचा मुकादम होडी आपल्या मेव्हण्याला द्यायला निघतो. नावाड्याची बायको स्वतः वल्हं हातात घेते. मुकादम तिची झोपडी पेटवतो. पुढे काय, ते अजून लागायचंय.

वहिनींना सगळं कळतं असं नाही. दहात सहा शब्द, बाकी अंदाज. मुकादमाच्या मिशा इतक्या दाट की त्याच्या बोलण्यातलं काहीच मिळत नाही, वहिनी त्याला "झुडूप" म्हणतात. परवा त्यांचा एक अंदाज चुकला आणि अख्खा दिवस वाया गेला. टेबलावरची मेणबत्ती आदल्या तुकड्यापेक्षा उंच दिसली तेव्हा मला कळलं. दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. वहिनी भांडणात हरायला लागल्या की डोळे मिटून घेतात, म्हणजे माझं बोलणं बंद. ही युक्ती मला आता कळलीय.

आणि हसलो किती! नवऱ्याच्या प्रेतावर पडून ती बाई ऊर बडवून रडते. वहिनी म्हणाल्या, "ती म्हणतेय, 'माझ्या गुडघ्याखाली खडा आहे, उरका लवकर.'" आणि जरा वेळाने प्रेत म्हणालं, "मला शिंक येतेय." आम्ही इतक्या मोठ्याने हसलो की पहारेकरी बघायला आला.

त्या बाईचा खडा माझ्या डोक्यातून जात नाही. ती माणसं नाटकातली नव्हती, कामाला आलेली होती. त्यांचं काम मी कात्रीने बादलीत टाकलं. ते परत भिंतीवर लावल्याशिवाय मी इथून हलत नाही.

४ मार्च

तीनशे बारांपैकी तीनशे चार लागले. आठ तुकडे नुसत्या पाण्याचे आहेत, ते कुठेही गेले तरी नदीच.

साहेब खाली आले, भिंतीवरची पहिली चिठ्ठी वाचली आणि वाचतच सुटले. शेवटच्या दोरीपाशी पोचले तेव्हा त्यांच्या हातातला चहा गार झाला होता. शेवट असा आहे: भर नदीत मुकादम होडीत उभा राहून तिच्यावर ओरडतो. झुडपाचं काय ते कळत नाही, पण तिचं उत्तर वहिनींनी अक्षर न् अक्षर वाचलंय, "वल्हं सोडते. आधी तू पोहायला शीक." मुकादम खाली बसतो. होडी काठाला लागते. संपलं.

"पूर्ण आहे हो बाई," साहेब म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण."

"पूर्णच होता. आकडे मी कापले होते." नोंदवही उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी सही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. भला माणूस आहे. म्हणाले, "कार्डावर कारण लिहावं लागेल. 'अज्ञात' लिहू. कशाला उगाच, शेवटच्या महिन्यात."

मी त्यांच्या हातातून कार्ड घेतलं आणि माझ्या हाताने लिहिलं की आकडे कोणी, कधी आणि कोणत्या अडाणीपणाने कापले. खाली सही केली. अक्षर चांगलं आलं.

निगेटिव्ह उद्या प्रत काढायला जाणार.

१८ मार्च

प्रत आली. छोट्या सभागृहात दाखवली. साहेब, अग्निशमनचे अधिकारी, कचेरीतली सगळी, वहिनी पहिल्या रांगेत. यंत्र सेकंदाला सोळा चित्रांच्या वेगाने लावायचं हे मी यंत्रवाल्याला तीनदा बजावलं होतं, नाहीतर माणसं मुंग्यांसारखी पळतात. झोपडी पेटली तेव्हा सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मला फार बरं वाटलं.

दिवे लागल्यावर वहिनींना विचारलं, "कसा वाटला?"

"छान. पण ह्यात कोणी बोलतच नाही."

मी म्हटलं, म्हणजे? त्या म्हणाल्या, "तोंडं हलतात. ओठ दिसत नाहीत. पिठात बोट फिरवावं तसे दिसतात. होडीत ती काय म्हणाली, मला माहीत होतं म्हणून कळलं. नाहीतर नसतं कळलं."

प्रत आणि निगेटिव्ह शेजारी शेजारी ठेवून भिंगाने बघितलं. खरंय. जुन्या फिल्मवर पापणीचा केस न् केस आहे. प्रतीवर डोळा आहे, इतकंच. प्रत काढणाऱ्यांनी घाईत काढली असेल, की यांचं यंत्रच एवढं, ते मला माहीत नाही.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, जगात किती जण ओठ वाचायला बसणार आहेत? सिनेमा वाचला, झालं. आता मूळ डबे ठरल्याप्रमाणे एकतीसला जातील."

२५ मार्च

आठवडाभर डोकं फोडतेय. अग्निशमनचे अधिकारी स्वतः म्हणाले की मूळ डबे आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या थंड खोलीत ठेवले तर त्यांची काही हरकत नाही. ती खोली ह्यासाठीच बांधली होती. तिच्यात आता काय आहे? कचेरीतल्या मोडक्या खुर्च्या. चाळीस खुर्च्या, गारव्याचं यंत्र बंद. साहेब म्हणतात, खुर्च्या निकाली काढायला वरून मंजुरी लागते, दोन वर्षं पत्रव्यवहार चालू आहे. सिनेमा जाळायला एका महिन्यात मंजुरी आणि खुर्ची हलवायला दोन वर्षं!

आज मी आणि वहिनी बाहेरच्या बाकावर साहेबांची वाट बघत बसलो होतो. ते काचेच्या केबिनमध्ये फोनवर होते. वहिनी एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "'गाडी चारला पाठवा. बाई तेव्हा वर निरोपसमारंभात असतील, गडबड होणार नाही.'"

साहेब चांगले आहेत, हे मी वर दोनदा लिहिलंय. ते खोडत नाही. पण त्यांना आगीची भीती आहे आणि भित्रा माणूस मागच्या दाराने जातो.

वहिनी परत भिंतीवरचा नियमांचा फलक वाचत बसल्या. ऐकू येत नसलं की माणूस काहीही वाचत बसतो.

३१ मार्च

माझा निरोपसमारंभ चार वाजता वरच्या सभागृहात झाला. मी गेले नाही.

मी तळघराच्या दारात स्टूल टाकून बसले होते. शेजारी वहिनी, मांडीवर अकरा दाखले. सव्वाचारला अग्निशमनचे अधिकारी दोन माणसं घेऊन आले. आम्हाला बघून थांबले. मी दाखले पुढे केले. त्यांनी एकेक वाचला. डबा एक, सुस्थितीत. डबा दोन, सुस्थितीत. डबा चार, वरचे दोन वेढे काढून टाकले, बाकी सुस्थितीत. अकराही. सही, तारीख.

"आम्ही खराब झालेलाच माल नेतो," ते म्हणाले.

"मग न्या, असला तर."

साहेब धावत खाली आले, हातात माझ्यासाठी आणलेला गुच्छ तसाच. मागे वरची निम्मी मंडळी. "बाई, काय हे? सगळे वर थांबलेत! भाषण अर्धवट राहिलं."

"कुठपर्यंत आलं होतं?"

"तुमच्या कामावर बोट ठेवायला..." ते थांबले.

"जागा आहे साहेब. तीनशे बारा ठिकाणी आहे. मी स्वतः लिहून दिलंय. एकदा हा सिनेमा मी न समजता नासवला. आता समजून उमजून त्याला जाळायची सही माझ्याकडून मिळणार नाही. माझी पेन्शन अडवा, मला काय करायचं ते करा."

अधिकाऱ्यांनी दाखले घडी करून खिशात ठेवले. साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या सहीने आज अडेल. उद्यापासून तुम्ही नाही. सोमवारी नवा जोडणारा येतोय, तो बघेल आणि लिहील."

गुच्छ घेतला. पाच वाजता किल्ली परत केली. बसमध्ये वहिनी पिशवीत काहीतरी चाचपत राहिल्या. मी हरले असं मला वाटतंय. लिहून ठेवते, कारण आजवर ह्या वहीत खोटं लिहिलेलं नाही.

१ एप्रिल

सकाळी सवयीने सातला उठले आणि कुठे जायचं नाही हे आठवून तशीच बसले. वहिनी तयार होऊन उभ्या. "चला."

"कुठे? मी निवृत्त झाले."

"तुम्ही झालात. मी कुठे झाले?"

त्यांनी पिशवीतून अकरा छापील अर्ज काढले. संग्रहालयात कोणाही नागरिकाला जुना सिनेमा बघायचा असेल तर भरायचे असतात ते. बाहेरच्या टेबलावर गठ्ठाच असतो. चौतीस वर्षं मी त्याच्या शेजारून गेले, एकदाही वाचला नाही. वहिनींनी फलकावरचा सातवा नियम पाठ म्हणून दाखवला, "पाहण्यासाठी अर्ज आलेली कोणतीही वस्तू अर्ज निकाली निघेपर्यंत संग्रहाच्या आवाराबाहेर नेता येणार नाही. अर्जदारास मूळ वस्तू मागण्याचा हक्क राहील. एका अर्जावर एकच डबा."

"आणि अकरा झाले की?"

"परत पहिला. मला कुठे घाई आहे?"

दहा वाजता साहेबांपुढे उभ्या राहिलो. मला खुर्ची मिळाली नाही, वहिनींनाही नाही, यावरून ओळखलं की गोष्ट आमच्या बाजूने आहे. साहेबांनी अर्ज चाळले, सातवा नियम मागवला, दोनदा वाचला. शेवटी पहारेकऱ्याला हाक मारली आणि विचारलं, थंड खोलीची किल्ली कोणाकडे असते.

बाहेर आलो तेव्हा आवारातून माणसं डोक्यावर खुर्च्या घेऊन चालली होती. वरून मंजुरी कधी आली, मी विचारलं नाही.

शिक्का मारलेली अर्जांची प्रत आता माझ्यापुढे आहे. साहेबांनी शिक्का मारण्याआधी एका रकान्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "वहिनी, इथे चुकलंय का काही? मूकपट आहे हा. आणि तुम्हाला तर..." वहिनींनी त्यांच्या ओठांकडे बघितलं, नाही अशी मान हलवली आणि अर्ज त्यांच्याकडे परत सरकवला. "पाहण्याचे कारण" असा तो रकाना आहे. अकराही अर्जांवर त्यांनी त्यात एकच लिहिलंय, ठळक अक्षरांत.

ऐकायचं आहे.